यंत्रदृष्टी, औद्योगिक

कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमेवरून वस्तूचे स्थान, आकार, माप, रंग, दोष किंवा तिच्यावरील अक्षरे संगणकाने ओळखणे व त्या ओळखीनुसार एखादे यंत्र चालविणे, या तंत्रास औद्योगिक यंत्रदृष्टी म्हणतात. छायाचित्रण व दूरचित्रवाणी यांतील प्रतिमा माणसाने पाहावयाची असते. यंत्रदृष्टीतील प्रतिमा बहुधा कोणीही पाहत नाही. तिची परिणती ‘स्वीकार’ किंवा ‘नकार’, अथवा ‘डावीकडे ३ मिमी. सरक’ अशा निर्णयात होते आणि तो निर्णय सेकंदाच्या अल्पांशात अंमलात येतो. कॅमेरा, भिंग, प्रकाशयोजना, प्रतिमेवर प्रक्रिया करणारा संगणक व निर्णय अंमलात आणणारी यांत्रिक रचना ही तिची पाच अंगे होत. या तंत्राच्या इतिहासात एक गोष्ट वारंवार दिसून येते. यंत्राला माणसासारखी दृष्टी देण्याचे प्रयत्न दीर्घकाळ अपुरे पडले. याउलट पाहावयाचे दृश्यच यंत्राच्या सोयीने बांधून घेतले, तेव्हा ते कारखान्यात स्थिरावले. त्याबरोबर मालाची पारख करणाऱ्या कामगाराच्या अनुभवाची जागा आकड्यांत मांडलेल्या मर्यादांनी घेतली. हा बदल प्रत्येक उद्योगात वेगवेगळ्या रीतीने घडला.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रकाशविद्युत् घटाचा वापर करून वस्तू मोजणे व निवडणे सुरू झाले होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९३० नंतरच्या दशकात वाळलेल्या घेवड्याचे दाणे अशा घटासमोरून एकेक करून नेण्यात येत. डागाळलेल्या दाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश कमी भरत असल्याने तो वेगळा काढता येई. या यंत्राला दाण्याचा आकार कळत नसे. फक्त त्याचा सरासरी उजळपणा कळे. तरीही नंतरच्या सर्व यंत्रणांचे मूळ सूत्र त्यात होते : वस्तू एका ठराविक जागी, ठराविक प्रकाशात आणावयाची आणि एका प्रश्नाचे होय किंवा नाही असे उत्तर मिळवावयाचे.

माणसाच्या नजरेची मर्यादाही याच सुमारास मोजली गेली. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एन्. एच्. मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत व्यक्तींना दोन तास एका फिरत्या काट्याकडे पाहण्यास सांगितले होते. काटा क्वचित दुप्पट उडी मारी व ती उडी ओळखावयाची असे. पहिल्या अर्ध्या तासानंतरच निसटलेल्या उड्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. हे प्रयोग रडारचा पडदा पाहणाऱ्या सैनिकांच्या संदर्भात केले असले, तरी वाहक पट्ट्यावरून सरकणारा माल तासन्‌तास पाहणाऱ्या निरीक्षकालाही त्यांचा निष्कर्ष लागू पडतो. दोष जितका विरळ, तितका तो नजरेतून निसटण्याचा संभव अधिक असतो.

प्रयोगशाळेतील प्रारंभ : संगणकात प्रतिमा प्रथम उतरविण्याचे श्रेय अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील रसेल कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांना दिले जाते. १९५७ मध्ये त्यांनी फिरत्या दंडगोलावर छायाचित्र लावून ते बिंदूबिंदूने वाचणारे उपकरण तयार केले. कर्श यांच्या तान्ह्या मुलाचे सुमारे ५ सेंमी. चौरस छायाचित्र १७६ × १७६ चित्रांशांत विभागून संगणकात साठविण्यात आले. चित्रांश म्हणजे प्रतिमेचा सर्वांत लहान घटक होय. त्यासच पिक्सेल म्हणतात. १९६३ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांनी मॅसॅचूसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील आपल्या प्रबंधात, सपाट पृष्ठांच्या ठोकळ्यांच्या छायाचित्रावरून त्यांची त्रिमितीय रचना कशी काढावी हे दाखविले. त्याच संस्थेत १९६६ मध्ये सीमोर पॅपर्ट यांनी एका उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या साहाय्याने दृष्टिव्यवस्थेचा मोठा भाग उभारण्याची योजना आखली. ती अपेक्षा फोल ठरली. स्वच्छ प्रकाशातील पांढरे ठोकळे ओळखणे आणि तेलकट, चकाकणारे, एकमेकांवर पडलेले यंत्रभाग ओळखणे यांत फार मोठे अंतर असल्याचे पुढील काळात स्पष्ट झाले.

कॅमेऱ्याची सुधारणा : आरंभीच्या यंत्रणांत दूरचित्रवाणीसाठी बनविलेले निर्वात नळीचे कॅमेरे वापरीत. त्यांतील प्रतिमेची भूमिती तापमान व विद्युत् दाब यांनुसार किंचित बदलत असे; त्यामुळे अचूक मापनास ते गैरसोयीचे होते. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी भारयुग्मित प्रयुक्तीचा (सीसीडीचा) शोध लावला. या शोधासाठी ते २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचे सहविजेते झाले. या प्रयुक्तीत सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशग्राही कप्प्यांची जाळी असते. प्रत्येक कप्प्यात प्रकाशाच्या प्रमाणात विद्युत् भार साचतो आणि तो क्रमाने पुढे ढकलून मोजला जातो. कप्प्यांच्या जागा कायमच्या ठरलेल्या असल्याने प्रतिमेतील अंतर प्रत्यक्ष अंतरात रूपांतरित करता येते. उदा., २० मिमी. रुंदीचे क्षेत्र २,००० चित्रांशांवर पडत असेल, तर एक चित्रांश ०.०१ मिमी. दर्शवितो. यानंतर कॅमेरा हे मापनाचे साधन झाले.

कप्प्यांची एकच ओळ असलेले रेषा-कॅमेरेही याच काळात प्रचारात आले. कागद, कापड, पोलादी पत्रा यांसारखा अखंड सरकणारा माल ते ओळीओळीने वाचतात व मालाची गतीच प्रतिमेची दुसरी मिती पुरविते.

हिताची कंपनीचा अनुभव : ट्रँझिस्टरच्या चकतीवरील सूक्ष्म अग्रांना केसाहून बारीक तारा जोडण्याचे काम १९६० नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकातून पाहून हातांनी केले जाई. ते मुख्यतः तरुण स्त्री-कामगारांकडे होते. डोळ्यांवर ताण आणणारे हे काम यंत्राकडे सोपविण्याचा प्रयत्न जपानमधील हिताची कंपनीने १९६४ मध्ये केला. चकतीची जागा व कल प्रकाशीय रीतीने ओळखण्यात सुमारे ९५ टक्के यश आले. प्रयोगशाळेत हे प्रमाण समाधानकारक वाटले असते; परंतु कारखान्यात वीस नगांमागे एक चुकणारे यंत्र निरुपयोगी ठरते, कारण त्याच्यावर देखरेख ठेवण्यास पुन्हा माणूसच लागतो. तो प्रयत्न मागे पडला.

याच कंपनीतील मासाकाझू एजिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये आराखडा पाहून ठोकळ्यांची जुळणी करणारा यंत्रमानव तयार केला. एक कॅमेरा आराखडा वाचत असे, तर दुसरा ठोकळे पाहत असे. या यंत्रमानवाने कुतूहल निर्माण केले. पण तारा जोडण्याच्या कामाला वेगळीच युक्ती उपयोगी पडली. संपूर्ण चकती ‘समजून घेण्या’ऐवजी तिच्यावरील काही ठळक छोटे आकृतिबंध साठवून ठेवावयाचे, प्रतिमेत ते कोठे जुळतात ते शोधावयाचे आणि त्यांच्या परस्पर अंतरांवरून जागा पक्की करावयाची. एखादा आकृतिबंध चुकीच्या जागी जुळला, तरी अंतरांचा मेळ न बसल्याने चूक उघड होई. या पद्धतीने १९७३ मध्ये ट्रँझिस्टर-जुळणी पूर्णपणे स्वयंचलित झाली. अर्धसंवाहक उद्योगात आकृतिबंध जुळविण्याची पद्धत तेव्हापासून रूढ झाली.

प्रकाशयोजनेचे महत्त्व : अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधकांनी १९७९ च्या सुमारास विकसित केलेली ‘कॉन्साइट’ ही यंत्रणा या संदर्भात उल्लेखनीय आहे. ओतशाळेतील ओतीव भाग काळपट असतात व वाहक पट्टाही मळून काळा झालेला असतो. त्यामुळे नेहमीच्या प्रतिमेत भाग व पार्श्वभूमी वेगळी काढता येत नाहीत. या यंत्रणेत पट्ट्यावर आडवी अशी प्रकाशाची एक बारीक रेषा तिरकस दिशेने टाकीत आणि वरून एक रेषा-कॅमेरा त्याच रेषेवर रोखलेला असे. एखादा भाग रेषेखाली आला की, त्याच्या उंचीमुळे प्रकाशरेषा तेवढ्या ठिकाणी बाजूला सरके व कॅमेऱ्याला तेथे अंधार दिसे. पट्टा पुढे सरकत असताना अशा अंधाऱ्या तुकड्यांवरून भागाची आकृती तयार होई आणि यांत्रिक हात तो भाग उचली. भागाचा रंग व मळ यांचा प्रश्नच उरला नाही. कॅनडातील सेंट कॅथरिन्स येथील ओतशाळेत ही यंत्रणा वापरात आली. अवघड प्रश्न संगणकाकडे नेण्यापूर्वी प्रकाशाने सोपा करावा, हा तिचा धडा आजही प्रमाण मानला जातो.

प्रकाशयोजनेचे इतर प्रकारही त्यातून सिद्ध झाले. वस्तूच्या मागून प्रकाश दिल्यास तिची काळी बाह्याकृती मिळते व मापे अचूक घेता येतात. अगदी तिरकस प्रकाशात सपाट पृष्ठ काळे दिसते, तर ओरखडे व ठसे उजळतात. चकाकणाऱ्या वस्तूंसाठी अर्धगोलातून सर्व बाजूंनी पसरलेला प्रकाश वापरतात. वस्तू वेगाने सरकत असेल, तर प्रकाशनाचा काळ महत्त्वाचा ठरतो. सेकंदाला २ मी. वेगाच्या पट्ट्यावर १/१,००० सेकंदात वस्तू २ मिमी. पुढे जाते व प्रतिमा फरफटते. ही फरफट ०.१ मिमी. इतकी मर्यादित ठेवावयाची असल्यास १/२०,००० सेकंदाची झळक लागते.

अक्षरे व संकेतचिन्हे : टपालावरील पत्ते वाचण्यासाठी अक्षरवाचक यंत्रे अमेरिकेत १९६५ पासून व जपानमध्ये १९६८ पासून वापरली जाऊ लागली. कारखान्यातील मालावरील अक्षरे मात्र धातूत ठोकलेली, अर्धवट उमटलेली किंवा वक्र पृष्ठावरची असतात. अमेरिकेत रॉबर्ट शिलमन, मॅरिलिन मॅट्झ व विल्यम सिल्व्हर यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेल्या कॉग्नेक्स कंपनीने १९८२ मध्ये अशी अक्षरे वाचून तपासणारी ‘डेटामॅन’ यंत्रणा बाजारात आणली. पुढे अक्षर वाचण्याच्या खटाटोपाऐवजी यंत्राला सोपे जाईल असे चिन्हच मालावर छापण्याचा मार्ग अधिक फलदायी ठरला. जपानमधील डेन्सो कंपनीतील मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांचा मागोवा ठेवण्यासाठी क्यूआर संकेत तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोनांमुळे कॅमेऱ्याला संकेताची जागा व दिशा तत्काळ कळते. कारखान्यासाठी निर्मिलेले हे चिन्ह पुढे भाजीच्या गाडीवरील पैसे देण्याच्या फलकापर्यंत पोहोचले.

उद्योगांतील उपयोग : (१) इलेक्ट्रॉनिक उद्योगात मुद्रित मंडलावर भाग बसविणारे यंत्र प्रत्येक भागाची प्रतिमा घेऊन त्याचा कल सुधारते, जोडकाम झाल्यावर डाक नीट बसला आहे की नाही ते कॅमेऱ्याने तपासतात. संकलित मंडलांच्या निर्मितीत तर यंत्रदृष्टीवाचून उत्पादनच अशक्य झाले आहे, कारण तेथील दोष नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या पलीकडचे असतात.

(२) वाहन उद्योगात वितळजोडाची शिवण शोधणे, काच बसविण्यापूर्वी चिकटद्रव्याची रेघ अखंड आहे का ते पाहणे, एंजिनात एखादा भाग राहून गेला आहे का ते ताडणे व रंगाचे दोष हुडकणे ही कामे कॅमेरे करतात. पुणे-चाकण परिसरातील वाहने व सुटे भाग यांच्या कारखान्यांतही अशा यंत्रणा वापरात आहेत.

(३) अन्नधान्य उद्योगात प्रकाशीय निवड यंत्रे सर्वांत जास्त पसरली. तांदळाचे दाणे उतरत्या पन्हळींतून पडत असताना दोन्ही बाजूंचे रेषा-कॅमेरे त्यांना पाहतात. काळा, पिवळा किंवा पांढऱ्या डागाचा दाणा आढळताच खालील नळीतून हवेचा क्षणिक झोत सुटून तो दाणा बाजूला उडतो. अवरक्त किरण वापरल्यास तांदळाच्याच रंगाचे खडे व काचेचे तुकडेही ओळखता येतात. ब्रिटनमधील सॉर्टेक्स या कंपनीचे नाव भारतीय बाजारपेठेत इतके रूढ झाले की, यंत्राने निवडलेल्या तांदळाला व डाळीला ‘सॉर्टेक्स माल’ असेच म्हणतात. गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतील भातगिरण्यांतही हा शब्द परिचयाचा आहे. सुपाने पाखडणे व हातांनी निवडणे ही परंपरेने स्त्रियांकडे असलेली कामे मोठ्या गिरण्यांत या यंत्रांकडे गेली.

(४) औषधनिर्मितीत गोळ्यांच्या पाकिटातील रिकामा कप्पा, तुटलेली गोळी, चुकीचे वेष्टन व मुदतीची तारीख यांची तपासणी होते. अंतःक्षेपणाच्या औषधाची कुपी वेगाने फिरवून एकदम थांबवितात. आतील द्रव फिरतच राहतो. लागोपाठच्या प्रतिमांची वजाबाकी केली असता काचेवरचा ओरखडा स्थिर असल्याने नाहीसा होतो व द्रवात तरंगणारा कण तेवढा उरतो.

(५) काच, कागद, कापड व पोलाद या उद्योगांत मालाच्या संपूर्ण पृष्ठाची नोंद ठेवली जाते. बाटल्या पुन्हा भरण्यापूर्वी तळ, कड व आतील भाग यांची तपासणी मिनिटाला शेकड्यांनी होते.

(६) गोदामे व टपाल यांत पुड्यांवरील संकेत वाचून त्यांची वाटणी होते. रस्त्यांवर वाहनांच्या क्रमांकपट्ट्या वाचल्या जातात. क्रमांकपट्टी वाचण्याचे तंत्र ब्रिटनच्या पोलीस वैज्ञानिक विकास शाखेत १९७६ मध्ये निघाले.

अलीकडील प्रगती : १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील एरिक फॉसम व सहकाऱ्यांनी सीमॉस प्रकारचे प्रतिमाग्राहक विकसित केले. त्यांत प्रत्येक चित्रांशाजवळच विवर्धक असल्याने वीज कमी लागते व प्रतिमा जलद वाचता येते. कालांतराने औद्योगिक कॅमेऱ्यांत त्यांनी सीसीडीची जागा घेतली. कॅमेरा व संगणक यांच्या जोडणीसाठी २००० मध्ये ‘कॅमेरा लिंक’ व २००६ मध्ये ‘गिगई व्हिजन’ ही मानके आली. त्यामुळे एका उत्पादकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या यंत्रणेत बसविणे सुलभ झाले.

निर्णयपद्धतीतील बदल त्याहून मूलगामी ठरला. जपानमधील कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये मांडलेली बहुस्तरीय जाळ्यांची कल्पना व बेल प्रयोगशाळेत यान लकून यांनी १९८९ मध्ये पत्त्यांवरील हस्तलिखित अंकांवर केलेले काम यांचा पाठपुरावा होऊन २०१२ मध्ये टोराँटो विद्यापीठातील संशोधकांनी प्रतिमा-वर्गीकरणाच्या स्पर्धेत मोठी आघाडी मिळविली. या पद्धतीत दोषाची व्याख्या अभियंता लिहीत नाही. निवडलेल्या नमुन्यांवरून संगणकीय जाळे ती स्वतः बनविते. लाकडाच्या गाठी, चामड्यावरील वण, फळांचे डाग यांसारख्या शब्दांत न मावणाऱ्या दोषांसाठी ती उपयुक्त ठरली. मात्र चांगल्या कारखान्यात दोषी नमुने मुळातच थोडे असतात, तसेच एखादा नग का नाकारला गेला याचे कारण जाळ्याकडून सहजी मिळत नाही. म्हणून मापनाची कामे अद्यापि जुन्या, नियमबद्ध पद्धतींनीच बहुधा केली जातात.

निर्णयाची जबाबदारी : कोणत्याही तपासणीत दोन प्रकारच्या चुका संभवतात : सदोष नग स्वीकारणे व निर्दोष नग नाकारणे. एक टाळू गेल्यास दुसरी वाढते. समजा, १,००,००० नगांत १०० सदोष आहेत आणि यंत्र दोन्ही बाजूंनी १ टक्का चुकते. ते ९९ सदोष नग पकडील व १ सोडील. पण ९९,९०० निर्दोष नगांपैकी ९९९ नाकारील. म्हणजे नाकारलेल्या १,०९८ नगांत खरोखर सदोष नग जेमतेम ९ टक्के असतील. हा माल टाकून द्यावा, पुन्हा माणसाकडून तपासावा की मर्यादा सैल करावी, हे यंत्र ठरवीत नाही. औषधाच्या कुपीच्या बाबतीत शेकडो चांगल्या कुप्या फेकणे योग्य ठरेल, तांदळाच्या बाबतीत ते गिरणीमालकाला परवडणार नाही. उत्पादन मागे पडले की, मर्यादा सैल करण्याचा मोह होतो व तो बदल एका आकड्यात होत असल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही.

मानवी निरीक्षण हीच यंत्राची अंतिम कसोटी, असेही पूर्वी मानले जाई. औषधांच्या तपासणीसंबंधी जे. झेड्. नॅप व एच्. के. कुशनर यांनी १९८० मध्ये दाखविले की, एकाच कुपीबद्दल निरीक्षकाचा निर्णय दर वेळी सारखा नसतो. तो संभाव्यतेच्या भाषेतच मांडावा लागतो. तेव्हापासून माणूस व यंत्र या दोघांनाही ज्ञात नमुने पुनःपुन्हा दाखवून त्यांची तुलना करण्याची पद्धत रुजली. सुव्यवस्थित कारखान्यात पाळी सुरू होताना ओळखीचे सदोष नग मुद्दाम यंत्रातून सोडतात व ते नाकारले गेले तरच उत्पादन सुरू करतात. काचेवर धूळ बसली, दिवा मंद झाला किंवा पुरवठादाराने धातूची चकाकी बदलली, तर ते याच वेळी उघड होते.

हे नमुने निवडावयाचे, कोणता ओरखडा दोष मानावयाचा व कोणता नाही ते ठरवावयाचे आणि नाकारलेल्या मालाच्या ढिगाकडे मधूनमधून पाहावयाचे, ही कामे अनुभवी निरीक्षकाकडेच राहिली आहेत. असे निरीक्षक जेथे कमी करण्यात आले, तेथे काही काळाने यंत्राला दुरुस्त करू शकणारी पारखही नाहीशी होते. पट्ट्यापाशी अखंड बसून पाहण्याच्या कष्टातून यंत्रदृष्टीने माणसाची सुटका केली. काय पाहावयाचे, हे ठरविण्याचे काम तिने त्याच्याकडून घेतलेले नाही.